वस्तादांनी गोळा केलेले उलट शब्द

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्ट बनवणारे वेगळे असतात, त्यांच्याकडे काचेची कचेरी असते. लिफ्ट बंद पडल्यावर ज्यांना शिव्या खाव्या लागतात ते आम्ही. माझं काम टेबलावरचं: तक्रारी घ्यायच्या, कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवायचं, नोंदवह्या सांभाळायच्या. मला तोंडावर सगळे बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही.

मला सांगायचं आहे ते वस्तादांबद्दल. आमचे सगळे मेकॅनिक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, कानावर कायम पेन्सिल. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस कंपनीत सापडलं नसतं. मीसुद्धा बोलले नसते, आणि माझी जीभ काही मधात बुडवलेली नाही.

बायको चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तिचं सगळं त्यांनी हातानं केलं. सकाळी तिचे केस विंचरून, वेणी घालून मग कामावर यायचे. वेणी घालायला शिकलो ते दोर वळायची सवय होती म्हणून, असं सांगायचे. ती गेल्यावर दोन मुलींना एकट्यानं वाढवलं. थोरली शिक्षिका झाली, धाकटी नर्स. मी खोलीत शिरले की वस्ताद उठून उभे राहायचे. झाडणाऱ्या बाईंनी बादली उचलली की हे धावलेच. पोरं आपसात काय वाट्टेल ते बोलायची, पण मी किंवा दुसरी कोणी बाई दिसली की वस्ताद नुसते खाकरायचे आणि सगळ्यांच्या जिभेला लगाम बसायचा. पाऊसपाण्याच्या दिवशी मला तासभर आधी घरी पाठवायचे, वर मालकांशी भांडण स्वतः घ्यायचे. असा माणूस.

आता फेरीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. लिफ्टचा दोर बदलला किंवा ब्रेक खोलून बसवला की तीन फेऱ्या होतात. पहिली रिकामी. दुसरी लोखंडी वजनं ठेवून. तिसरी माणसाची. ज्याच्या हातानं काम झालं त्यानं एकट्यानं लिफ्टमध्ये उभं राहायचं, खालपासून वर जायचं, वरून खाली यायचं, प्रत्येक मजल्यावर थांबून. मग नोंदवहीत सही. आपण केलेल्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा, मग लोकांचा, असा हा रिवाज. आधी तो नुसता रिवाज होता. पुढे परवाना देणाऱ्या सरकारी खात्यानं त्याचा नियम केला. अशा बारा फेऱ्या आपल्या सहीच्या असतील तरच परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. परवाना नसेल तर माणूस कागदोपत्री जन्मभर मदतनीस.

या रामायणाच्या सात वर्षं आधी आमच्याकडे एक मुलगी मेकॅनिक म्हणून आली. मुलगी म्हणजे पंचविशीची. आमच्याकडे प्रत्येकाला टोपणनाव मिळतं, ठेंगू, शिट्टी, कांदा, काय काय. हिला पहिल्याच दिवशी मॅडम म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. कोपरापर्यंत ग्रीस, डोक्याला फडकं, आणि मॅडम. वस्ताद मात्र तिला बाळ म्हणायचे. हात असा की वस्ताद स्वतः मला येऊन सांगायचे, बाई, या पोरीनं बसवलेला ब्रेक लोण्यासारखा धरतो.

आणि तिचं काम संपलं, दोन फेऱ्या झाल्या, तिसरीची वेळ आली की म्हणायचे, "तू खाली थांब, बाळ. मी बघून येतो." आणि स्वतः लिफ्टमध्ये जायचे. जो फेरी मारतो त्याची सही. नियमच तो.

पहिल्या वर्षी तिला बरं वाटलं असेल. दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं, तेव्हा वस्ताद म्हणाले, घाई काय आहे. वस्तादांचा पुतण्या, म्हणजे त्यांच्या भावाचा एकुलता एक मुलगा, तिच्यानंतर दोन वर्षांनी आला. पहिल्या फेरीला तो दारातच अडून उभा राहिला. वस्तादांनी त्याला खांद्याला धरून आत ढकलला आणि दार लावलं. दीड वर्षात त्याच्या बारा सह्या झाल्या, परवाना आला, आणि तो मॅडमचा वरिष्ठ झाला. त्यानंतर कांदा झाला. मग शिट्टी. मॅडम खालीच.

या सगळ्या वह्या दर महिन्याला माझ्या टेबलावरून जायच्या. काम करणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव, फेरीच्या रकान्यात वस्तादांची सही. मला दिसत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, नशीबवान आहे पोरगी, तिच्या वाटचा धोका दुसरा कुणी अंगावर घेतो. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी एवढं केलं नाही. म्हणून त्या रकान्याकडे मी जरा हेव्यानंच बघायची, हे कबूल करून टाकते.

मग मुख्य कचेरीनं सगळीकडे तक्रार समिती नेमली आणि छापील अर्ज पाठवले. तक्रारीचा प्रकार निवडायचा, आणि मागच्या पानावर प्रत्येक प्रकाराचा अर्थ. मॅडम तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत बसून जुन्या वह्या चाळत होती. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात वही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शेवटी तिनं अर्ज मागितला, भरला आणि माझ्यासमोर ठेवला. प्रकार : स्त्रीद्वेष. कोणाविरुद्ध : वस्ताद. तपशील : एकशे छत्तीस कामं माझी, एकशे छत्तीस फेऱ्या त्यांच्या.

मी तिला म्हटलं, अगं, शब्द तरी बघून लिही. द्वेष? या माणसानं? तिनं अर्ज उलटा केला आणि मागचा अर्थ मला वाचायला लावला. "बाई आहे म्हणून तिला कमी लेखणे, मागे ठेवणे, तिचा तिरस्कार करणे किंवा तिच्यावर अविश्वास दाखवणे." तिरस्कार हा शब्द मी बोटानं दाखवला. तिनं तिचं काळं बोट 'मागे ठेवणे'वर ठेवलं. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख तीन महिन्यांवर होती आणि नव्या नियमाप्रमाणे तेहतिशीनंतर पहिला परवाना मिळत नव्हता. ती बत्तीस पूर्ण करून पुढे निघाली होती. ही परीक्षा हुकली की कायमची हुकली.

वस्तादांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. चेहरा असा झाला की तोंडात कोणी मारली असती तर बरं, असं मला वाटलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, की याच्या उलट शब्द कोणता.

मला वाटलं, विषय संपला. पण ते मनावर घेऊन बसले. सुनावणीला बारा दिवस होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी भेटेल त्याला उलट शब्द विचारला आणि खिशातल्या कागदावर उतरवून घेतला. मी माझ्या खणातला शब्दकोश काढून 'दाक्षिण्य' दिला. थोरल्या मुलीनं 'सन्मान' दिला. मग सगळी हकिकत ऐकल्यावर म्हणाली, बाबा, 'समता' लिहा. तो त्यांनी लिहिला नाही. मला म्हणाले, तो शब्द सरकारी वाटतो, त्यात माया नाही. धाकटीनं फोनवर 'भरवसा' सांगितला. तोही गाळला. तो तर आहेच, लिहायचा कशाला, म्हणाले. पोरांनी 'बाईलवेडा' सुचवला आणि खिदळली. वस्ताद हसले नाहीत, तेव्हा पोरंही गप्प झाली. माया, काळजी आणि कौतुक हे त्यांनी स्वतःच्या मनानं घातले.

मॅडमशी कोणी बोलेना. डबा एकटीनं खायची. पुतण्या तिला कामाची चिठ्ठी हातात न देता टेबलावर टाकायचा. वस्तादांनी ते पाहिलं तेव्हा त्याला सगळ्यांसमोर झापलं, चिठ्ठी उचलून तिच्या हातात द्यायला लावली. तिला त्याचाही राग आला. मला म्हणाली, "माझं भांडणसुद्धा तेच करणार का माझ्यासाठी?" तेव्हा मला ती जरा कृतघ्न वाटली होती.

सुनावणीला मुख्य कचेरीतून एक वकीलबाई आल्या. बारीक आवाजाच्या, समोरच्याला पूर्ण बोलू देणाऱ्या. आमच्या गोदामाशेजारच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. मी कोपऱ्यात लिहून घ्यायला. वस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी कागद उलगडला आणि वाचून दाखवला. सन्मान, दाक्षिण्य, माया, काळजी, कौतुक. म्हणाले, यातलं एक जरी खोटं असेल तर मला कामावरून काढा. बायकोच्या आजारपणाचं त्यांनी काढलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते आठवलं असणार. मला तरी आठवलं.

वकीलबाईंनी मॅडमला विचारलं, यातलं काही खोटं आहे का?

"नाही," ती म्हणाली. "सगळं खरं आहे. ते सगळं चालू असताना मी खाली उभी होते."

मग वकीलबाई वस्तादांना कामाचं विचारू लागल्या. मला वाटलं, यांना काय कळणार ब्रेकमधलं. पोरांनी काम केलं की फेरीआधी तुम्ही तपासता का? तपासतो, वस्ताद म्हणाले, एकेक नट. किती वेळ लागतो? तास, सव्वा तास. आणि मॅडमचं काम तपासायला?

वस्तादांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी त्यांना आवडीचा प्रश्न विचारला होता. "तिचं तपासावं लागत नाही," ते म्हणाले. "मी सरळ जाऊन उभा राहतो."

"म्हणजे न तपासता?"

"न तपासता."

"एकशे छत्तीस वेळा?"

वस्ताद हो म्हणाले आणि मग थांबले. हिशेब त्यांच्याही लक्षात आला असावा. ज्या पोरांचं काम तासभर तपासावं लागत होतं त्यांना त्यांनी आत ढकललं होतं. जिच्या कामावर स्वतःचा जीव डोळे मिटून ठेवत होते तिला खाली उभं केलं होतं.

"मग तुम्हाला भीती कशाची होती?" वकीलबाईंनी विचारलं.

 शेजारी गोदामात कोणीतरी लोखंडी वजनं हलवत होतं, त्याचा आवाज येत होता. लिहायला काही नव्हतं म्हणून मी तारीख पुन्हा गिरवत बसले. वस्तादांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. ते खोटं बोलू शकले असते. म्हणू शकले असते की बाईच्या जिवाची काळजी वाटते, सगळ्यांनी माना हलवल्या असत्या, मीसुद्धा.

"पोरगा फेरी मारून खाली आला," ते म्हणाले, "की लोक म्हणतात, वस्तादांनी माणूस घडवला. ही आली असती तर म्हणाले असते, बाई करते म्हणजे काम सोपंच असणार." मग म्हणाले, "लोकांचं कशाला. मीच म्हणालो असतो. चाळीस वर्षं केलं ते एवढंसंच होतं का, असं मला वाटलं असतं."

मी खाली मान घालून लिहीत होते. माझी लेखणी थांबलेली पाहून ते माझ्याकडे वळले. "लिहा, बाई. आणि अर्जावरचा तो शब्द तसाच राहू द्या."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल जितका आदर पूर्वी वाटत होता त्याहून जास्त वाटला, दोन्ही एकदम. मॅडमला काय वाटलं ते मला कळलं नाही. ती उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर नळाखाली हात धरून उभी होती, नुसती. पाणी वाहून चाललं होतं. "सात वर्षं," ती म्हणाली. एवढंच. मी नळ बंद केला.

समितीनं वस्तादांना लेखी ताकीद दिली आणि उद्यापासून जिचं काम तिचीच फेरी, असं नोंदवलं. जुन्या एकशे छत्तीस परत मिळणार नव्हत्या. हातात दहा आठवडे आणि हव्या होत्या बारा फेऱ्या. एरवी एका माणसाच्या वाट्याला महिन्याला एक-दोन दोर किंवा ब्रेकची कामं येतात, पण समितीच्या सांगण्यावरून आता तिला आठवड्याला एखादं, कधी दोन मिळणार होती. म्हणजे एकही वाया जाऊन चालणार नव्हतं. त्या बारा पूर्ण झाल्या, ती परीक्षेला बसली, पास झाली, आता तिच्या हाताखाली दोघं आहेत, हे सगळं खरं. पण ते तुम्हाला कोणीही सांगेल. पहिल्या फेरीला मी तिथे होते म्हणून ती मी सांगते.

समितीला साक्षीदार हवा होता, म्हणून मी नवी वही काखेत मारून गेले. आठ मजली जुनी इमारत, तळमजल्यावर चष्म्याचं दुकान. रहिवासी जिन्यावरून धापा टाकत येता-जाता आमच्याकडे रागानं बघत होते. मॅडमनं सकाळपासून ब्रेक खोलून बसवला होता. वस्ताद वर मशीनच्या खोलीत गेले आणि तिचं काम तपासू लागले. सात वर्षांत पहिल्यांदा. सव्वा तास लागला. ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या कपाळाला घाम आला होता. इतरांच्या कपाळाला येतो तसाच. वस्तादांना काही सापडलं नाही. ठीक आहे, म्हणाले.

रिकामी फेरी झाली, वजनाची झाली. वजनं बाहेर काढली. वस्ताद दारापाशी आले तेव्हा त्यांचा उजवा पाय सवयीनं आत पडलाच होता. तो त्यांनी मागे घेतला. मॅडम आत गेली, दार लागलं.

आठ मजले वर, आठ मजले खाली, प्रत्येक ठिकाणी थांबत. मी बाहेरच्या दिव्यांकडे बघत मजले मोजत होते. वस्ताद भिंतीला हात टेकून उभे होते.  मग दार उघडलं.

इतक्या वर्षांत काम झाल्यावर ते तिला एकच विचारायचे, दमलीस का. पोरांना वेगळं विचारायचे. त्या दिवशी त्यांनी तिला पोरांना विचारायचे ते विचारलं.

"ब्रेक कसा धरतो?"

तिनं मागे वळून लिफ्टकडे पाहिलं. माझ्या हातात वही उघडी होती, पेन तयार होतं. तिनं नुसतं ठीक म्हटलं असतं तरी चाललं असतं, लिफ्ट तर खाली येऊन उभी होती.

"उतरताना तिसऱ्या मजल्यावर हिसका बसतो," ती म्हणाली. "बारीक आहे. पण आहे."

"मग सही नाही," वस्ताद म्हणाले. "खोल परत."

मला राहवलं नाही. सात वर्षं थांबवून ठेवलं, आता दिवस मोजून उरलेत, इमारतीतली माणसं डोकं खातायत, आणि बारीकसा हिसका. "वस्ताद," मी म्हटलं, "आजच्या दिवस तरी सांभाळून घ्या तिला."

वस्तादांनी तोंड उघडायच्या आत मॅडम माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती.

"बाई, वही मिटा."

मी मिटली. तिनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि जिना चढायला लागली. वस्तादांनी पिशवीला हात लावला नाही. ते चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि ती वरून हाक मारेपर्यंत तिथेच बसून राहिले.